चांगुणामावशीची वलांडी

चांगुणामावशी माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी हात बघायची. नवीन कुणी समोर आलं की त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घ्यायची, उलटे करायची, सुलटे करायची, एकेक बोट दाबून बघायची. बाजारात आपण पापलेटाचा कल्ला उघडून बघतो, तितक्याच निवांतपणे. तोवर माझा फॉर्म अर्धा भरून झालेला असायचा. नाव, वय, अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, दाखला आहे की नाही. ती हात खाली ठेवायची आणि म्हणायची, "हात बरा हाय. करंल कायतरी." झाली तिची तपासणी. मला या बाईचा पहिल्या दिवसापासून राग होता. राग हा शब्दही सभ्यपणाचा झाला. मी तिच्यावर जळायचे. आता सांगायला हरकत नाही, कारण जिच्यापासून लपवायचं ती राहिली नाही.

मी बोर्ली पंचतनची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घरात सकाळी बुद्धवंदना आणि संध्याकाळी पाढे, यात खंड नाही. वडिलांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "शिकलेल्या माणसाचा कुणी हात धरू शकत नाही." माझ्या पाठची सुजाता सहा वर्षांनी लहान. ती पाच वर्षांची होईपर्यंत बोलली नाही, बोलली ती दोन-दोन शब्दच, आणि शाळेत पहिलीच्या पुढे तिला काही जमलं नाही. तेव्हा वडील मला म्हणाले, "हिला तू शिकव." एवढंच. मी तेरा वर्षांची होते. पुढे मी पनवेलला राहून विशेष शिक्षिकेचा डिप्लोमा केला तो सुजातासाठी, लग्नाची दोन स्थळं परत पाठवली तीही सुजातासाठी, आणि तिने मला 'ताई' म्हणून हाक मारली की मला सगळ्याची भरपाई मिळायची. ती माझी होती. असं कुणाबद्दल म्हणू नये हे मी पालकांच्या सभेत सांगायचे, आणि घरी येऊन तसंच वागायचे.

आमची अपंगांसाठीची संस्था म्हणजे बाजारामागच्या दोन खोल्या, एक जुनी मोटरसायकल आणि आम्ही चार माणसं. मुंबईचा एक ट्रस्ट आम्हाला मदत करायचा. मग एका वर्षी ट्रस्टच्या मनात आलं की नुसती मदत नको, भागीदारी हवी, आणि तिच्यात गावातलंही कुणी बरोबरीने हवं. म्हणून समुद्राकाठच्या कोळीवाड्यातला बायकांचा बचतगट तिसरा भागीदार झाला, आणि गटाने आपल्या बाजूने चांगुणामावशीला पाठवलं. साठीच्या घरातली, उन्हाने रापलेली, दुसरी पास. पहिल्या बैठकीला ती टोपलीसकट आली, टोपली खुर्चीवर ठेवली आणि स्वतः खाली बसली. मी प्रकल्पाचे उद्देश वाचून दाखवले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, पन ही मानसं दिवसभर करतात काय?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या एकाही रकान्यात नव्हतं.

हात बघायची सवय तिला नवऱ्यामुळे लागली होती. होडी किनाऱ्याला ओढताना तो खाली सापडला आणि त्याचे पाय कायमचे गेले. लोक भेटायला यायचे, हळहळायचे, चहा पिऊन जायचे. मावशीने महिनाभर ते चालवून घेतलं आणि मग त्याच्या खाटेच्या दांडीला फाटकं जाळं बांधून टाकलं. "पाय गेलं, हात कुठं गेलं?" म्हणाली. पुढे चौदा वर्षं, मरेपर्यंत, त्या माणसाने निजल्या निजल्या अर्ध्या कोळीवाड्याची जाळी विणून दिली. हे तिने मला सांगितलं नाही. दुसऱ्यांकडून कळलं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडून तेच ऐकून मला वीट आला होता.

तिचं काम वलांडीवर चालायचं. बांबू रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्या बांधतात आणि त्यांवर बोंबील वाळत घालतात, त्याला वलांडी म्हणतात. आमच्या यादीतल्या लोकांना ती एकेक करून तिथे नेऊ लागली. बाजारातला रफिक, जन्मापासून बहिरा, पंचविशीचा. त्याच्यासाठी मी दोन वर्षं कागदपत्रांच्या मागे माणगावला खेटे घातले होते. तिने त्याला आठ दिवसांत सुकी मासळी निवडायला आणि तोलायला बसवलं. त्या ईदला रफिकच्या अम्मीने शीरखुर्मा पाठवला. माझ्याकडे एक डबा आला. मावशीकडे दोन. मी डबे मोजले, हो. शिकलेल्या बाईने डबे मोजू नयेत, पण मोजले.

मग तो दिवस आला. आईला डोळे दाखवायला माणगावला जायचं होतं, शेजारीही कुणी नव्हतं, म्हणून मी सुजाताला बरोबर घेऊन कोळीवाड्यात गेले. मला चार घरांना भेटी द्यायच्या होत्या. मावशी म्हणाली, "र्‍हावूदे ती हितं. मना पन सोबत." मी सुजाताला बजावलं, हलू नकोस, कशाला हात लावू नकोस. तिला असं बजावायची माझी सवयच होती.

इथे मण्यांचं सांगायला पाहिजे. बोटांचं वळण सुधारावं म्हणून मी सुजाताला रोज संध्याकाळी मणी ओवायला बसवायचे. लाल, पिवळे, मोठ्या भोकाचे मणी. तीन वर्षं. चार मणी ओवून झाले की ती थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. बरोबर आहे का, चुकलं का, ताई रागावली का. पाचवा मणी कधी ओवला गेला नाही. मी वहीत लिहायचे, 'प्रगती मंद'.

दोन तासांनी परत आले तर सुजाता वलांडीसमोर उभी होती. बोंबील वाळत घालायची एक रीत आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. ओला बोंबील म्हणजे हातातून निसटणारा ऐवज, त्यात त्याचे दात सुईसारखे. भल्याभल्यांना जमत नाही. सुजाताने एक अख्खी दोरी भरली होती. जोडीमागून जोडी. मी आलेलं तिला कळलं नव्हतं, आणि ती कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती.

"हे कसं शिकवलंत तुम्ही?" मी विचारलं. आवाज गोड ठेवला होता.

"मी कनाला शिकवू? मी माझा काम करत होते, ती बगत होती. मग तीपन करायला लागली."

"तिला वेळ लागतो."

"लागंल ना. असूंदे गो. दर्या काय पलून जातो?"

हे तिचं नेहमीचं वाक्य. कुणाला उशीर झाला, कुणाचं काही सांडलं, कुणाची फाईल अडली, की मावशीचं ठरलेलं, दर्या काय पलून जातो. त्या दिवशी ते वाक्य मला झोंबलं. घरी येऊन मी मण्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि आईला सांगितलं की सुजाताच्या अंगाला वास येतोय, तिला आंघोळ घाल. सुजाता हात हुंगत हसत होती.

त्यानंतर ती रोज जायला लागली. सकाळी मी कामावर जाताना सोडायचे, संध्याकाळी कोळीवाड्याच्या वळणावर येऊन तिला घेऊन जायचे. नाही कशी म्हणणार? सगळ्या सभांमधून मीच सांगत फिरत होते की या माणसांना काम मिळालं पाहिजे. रविवारीही ती डबा घेऊन दारात उभी राहायची. आणि एकदा तिला ताप भरला. मी कपाळावर घड्या ठेवत होते, आणि ती डोळे मिटून 'मावशी, मावशी' करत होती. 'ताई' नाही. मी पट्टी बदलली, पाणी पाजलं, सगळं केलं. मनात मात्र म्हणत होते, चार महिन्यांची ओळख आणि माझी तीस वर्षं पाण्यात.

अशातच मुंबईहून ट्रस्टच्या कामत मॅडम आल्या. बाई भल्या होत्या. वलांडीवर त्यांनी मावशीचं चित्रीकरण करून घेतलं. मावशी कॅमेऱ्याकडे पाठ करून बोंबील टाकत होती आणि कुणी काय विचारलं तर "हात बरं हायत सगल्यांचं" एवढंच बोलत होती. ऊन फार होतं, म्हणून कामत मॅडमनी मला आपल्या डोक्यावर छत्री धरायला सांगितली. मी छत्री धरली. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या कामाचा प्राण ही बाई आहे, नाही का?" मी म्हटलं, हो ना.

सहामाही अहवाल माझ्याकडेच होता. त्यात एक रकाना असतो, 'जोखीम'. एरवी मी तिथे 'विशेष नाही' लिहायचे. त्या वेळी पाऊण पान लिहिलं. काम उघड्या उन्हात चालतं. माशांच्या दातांनी बोटांना जखमा होतात, मिठाच्या पाण्याने त्या चिघळतात. देखरेख करणारी व्यक्ती प्रशिक्षित नाही. लाभार्थींच्या श्रमांचा वापर होत आहे की काय, हे तपासावं लागेल. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. सुजाताच्या बोटांना खरंच चिरा पडल्या होत्या. त्या मी जवळून बघितल्या होत्या आणि हळद लावण्याआधी त्यांचे फोटो काढून अहवालाला जोडले होते.

आठवड्याभरात पत्र आलं. चौकशी होईपर्यंत वलांडीवरचं काम बंद ठेवावं. मी ते पत्र घेऊन कोळीवाड्यात गेले आणि मावशीला वाचून दाखवलं. वर सांगितलं, "वरून आलंय, मावशी. माझ्या हातात काही नाही." तिने पत्र बघितलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं, थोडा वेळ. मग म्हणाली, "बरं." त्या दिवशी दर्याचं वाक्य म्हणाली नाही.

मला वाटलं होतं, सुजाता दोन दिवस रडेल आणि माझी होईल. ती रडली नाही. रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन पायरीवर बसायची. मी म्हणायचे, "आज सुट्टी." ती म्हणायची, "सुट्टी," आणि बसून राहायची. दुपारी आई तिचा डबा तसाच आत आणायची. दहा दिवस झाले. मी माळ्यावरचा मण्यांचा डबा काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. तिने एक मणी उचलला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मणी डब्यात परत ठेवला. मला तिच्या त्या बघण्याची लाज वाटली. आमच्या घरात तेवढं शिकवलं होतं मी तिला, माझ्या तोंडाकडे बघायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर अंगणातल्या दोरीवर कपडे नव्हते, चिमटे होते. कपड्यांना लावायचे साधे प्लास्टिकचे चिमटे. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून, जोडी करून, एक अलीकडे, एक पलीकडे. घरातले सगळे. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. कपडे खाली बादलीत ओलेच पडले होते, आणि आई म्हणत होती, "मी काही बोलले नाही बाई. पंधरा दिवसांनी आज दुपारची जेवली ती." पंधरा नव्हे, अकरा दिवस झाले होते. पण आईशी वाद घालायच्या अवस्थेत मी नव्हते.

मी तशीच चपला घालून कोळीवाड्यात गेले. मावशी ओट्यावर बसून जवळा निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मावशी, ते पत्र माझ्यामुळे आलं. अहवालात मी लिहिलं होतं."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्या मुंबईवालीनं मना फोन केला. इचारलं, बोटं कापतात का? मी बोलले, कापतात. मॅडमनी लिवलंय ता खरा हाय."

"तुम्ही असं का सांगितलंत? तुमचं काम बंद पडलं ना."

"मग काय तुना खोटी पाडू? तुझं नाव खराब झालं तर या मानसांच्या कागदांसाठी धावंल कोन? मना असलं कागद वाचता येत नाय." तिने सूप बाजूला ठेवलं. "बस. तुना माझा राग येतो. पैल्या दिवसापासनं येतो. मी काय आंधली हाय?"

मी बसले.

"मना पन तुझा येतो," मावशी म्हणाली. हे ती भांडणाच्या सुरात म्हणत नव्हती, जवळ्यातले खडे वेचत म्हणत होती. "सुजाता दिसभर माझ्याकडं असते. माझ्या ताटात जेवते. मना काय वाटतं, आली माझ्या ओटीत एक पोर. आनि सांजंला तू त्या वलनावर दिसलीस का ही हातातला बोंबील तसाच टाकते. ताई, ताई करीत पलते. कवा एक डाव तरी मागं वलून बगावं? नाय बगत. इतक्या दिसांत एकदा नाय. मी ती पडलेली जोडी उचलते नि वलांडीवर टाकते. तवा जलतं मना. लय जलतं."

मावशीला मूलबाळ नव्हतं. हे तिच्या माहितीच्या फॉर्ममध्ये होतं, 'अपत्य: निरंक'. मीच लिहिलं होतं. आणि मी रोज संध्याकाळी त्या वळणावर उभी राहायचे, सुजाता धावत यायची, माझ्या कमरेला मिठी मारायची; हे मला दिसतच नव्हतं. मला यायचा फक्त तिच्या अंगाचा वास. मी मावशीसमोर रडले. तिने रडू दिलं. मग माझे दोन्ही हात ओढून घेतले, उलटे केले, सुलटे केले. "हात बरा हाय तुझा," म्हणाली. "लिवतेस चांगला. आता दुसरा लिव."

दुसरा अहवाल आम्ही दोघींनी मिळून लिहिला. बोटांसाठी काय करता येईल ते मावशीनेच सांगितलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बोटांना टोपणं करायची. मी त्यांना मनगटाशी बांधायचे पट्टे शिवले, म्हणजे निसटणार नाहीत. सावलीसाठी नारळाच्या झावळ्यांचे झाप आले, कामाच्या वेळा ठरल्या, प्रत्येकाचा मोबदला त्याच्या नावावर जमा व्हायला लागला. कामत मॅडमनी येऊन सगळं बघितलं आणि काम पुन्हा सुरू झालं. या वेळी छत्री त्यांची त्यांनीच धरली. मी जळायची थांबले का? छे. तीन सीझन ती बाई माझ्यासमोर होती आणि तिन्ही सीझन मी जळत होते. फरक एवढाच की आता आम्ही दोघी एकमेकींना ते सांगायचो. सुजाता धावत आली की मी मुद्दाम मावशीकडे बघायचे, आणि ती लांबून हात उडवून म्हणायची, "जा जा. घेऊन जा तुझी."

मागच्या पावसाळ्यात, होड्या वर ओढून झाकलेल्या असताना, मावशी गेली. छातीत दुखतंय म्हणाली, श्रीवर्धनला नेईपर्यंतही राहिली नाही. मी सुजाताला घेऊन गेले. लोक म्हणत होते, हिला कशाला आणलंत, हिला काय कळणार. सुजाता मावशीच्या शेजारी बसली. तिने मावशीचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, आणि परत खाली ठेवले. रडली नाही. मला वाटलं, कळलं नसेल.

पाऊस ओसरला, कडक ऊन पडलं आणि वलांडीवर पहिले बोंबील आले. गटातल्या बायकांनी निरोप पाठवला. मी त्या दिवशी रजा टाकली आणि सुजाताबरोबर स्वतः कामाला उभी राहिले. इतक्या वर्षांत मी एकही जोडी टाकलेली नव्हती. सुजाताने माझ्या बोटांना टोपणं चढवली, दोन बोंबील हातात दिले. एक निसटला. दुसरा चावल्यासारखा टोचला. तिसऱ्यांदा जबडा अडकला आणि दोरीवर टाकताना सुटला. मी थांबले आणि नकळत सुजाताच्या तोंडाकडे बघितलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. आपली जोडी दोरीवर टाकत म्हणाली, "असूंदे गो."

तीस वर्षं मी तिला शिकवलं, आणि मला शिकवताना तिच्या तोंडून शब्द आले ते मावशीचे. आली पुन्हा कळ.

संध्याकाळी आम्ही घरी निघालो. मी बरोबरच होते, त्यामुळे धावत जायला वळणावर कुणी नव्हतं. तिथे पोचल्यावर सुजाता थांबली. मी तिचा हात ओढला, ती हलली नाही. ती मागे वळून वलांडीकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. हे मावशीला सांगता आलं असतं, तर तिच्या तोंडावरचा आनंद बघून मी पुन्हा जळले असते. तसं जळायला मिळावं म्हणून मी काय वाटेल ते द्यायला तयार होते. मी सुजाताचा हात सोडला आणि तिचं बघून होईपर्यंत उभी राहिले.